यवतेश्वर घाटात काटा लालवर जातो

प्रश्न: २००४ ची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी. सातारा ते कराड हायवेला त्रास नाही. यवतेश्वर घाट दुसऱ्या गिअरवर चढताना आणि पोवई नाक्याच्या गर्दीत इंजिनच्या तापमानाचा काटा लालला टेकतो. पाणी कमी होत नाही. मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकू म्हणतो. काढू का?

उत्तर १: अजिबात नको. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, मूळ दोष तसाच राहतो. वेगात ठीक आणि हळू चालताना गरम, म्हणजे आधी रेडिएटरचा फॅन बघा. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. काटा निम्म्याच्या बराच वर गेला तरी फॅन गप्प असेल तर इंजिन बंद करा, फॅन स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) कनेक्टर काढा, त्यातल्या दोन वायरी वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. हात पात्यांपासून लांब. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर.

उत्तर २: रेडिएटरची जाळीही बघा, धूळ आणि किडे अडकतात. इंजिनच्या बाजूने साध्या धारेने पाणी मारा. प्रेशर जेटने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

प्रश्नकर्ता: वायरी जोडल्यावर फॅन फिरला.

उत्तर १: मग स्विचच. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बदला, वॉशर नवा टाका. कूलंट भरताना हीटर फुल्ल गरमवर, रेडिएटरची कॅप उघडी; अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. बुडबुडे थांबलेच नाहीत तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या.