उत्तर: वीर्य साचून दुखतं का?

वरती कोणीतरी लिहिलंय की बराच वेळ उत्तेजित राहून वीर्यपतन झालं नाही तर वीर्य आत साचतं, गोट्या सुजतात आणि कायमचं नुकसान होतं. असं नाहीये हो. उत्तेजना आली की लिंग आणि वृषणांकडे रक्त जास्त येतं आणि परत जायचा वेग कमी होतो, ते रक्त बराच वेळ तिथेच राहिलं की जडपणा, ठणका वाटतो, बस एवढंच. न वापरलेले शुक्राणू शरीर आपोआप शोषून घेतं, त्यामुळे तुंबणं वगैरे काही नसतं. मन दुसरीकडे वळवलं, थोडं चाललं की उत्तेजना ओसरते आणि दुखणंही जातं, हस्तमैथुनानेही जातं. बायकांनाही ओटीपोटात असंच जड वाटू शकतं, पण त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो "मला त्रास होईल, आता थांबू नकोस" असं जोडीदाराला सांगण्याचा. हा सरळसरळ दबाव आहे, तुमचं दुखणं थांबवणं ही समोरच्याची जबाबदारी नाही, नको म्हणजे नको.

मात्र एका वृषणात अचानक भयंकर कळ आली, सूज, मळमळ असली तर हे ते नव्हे, वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, साधारण 6 तासांच्या आत उपचार झाले तर वृषण वाचायची शक्यता खूप जास्त असते. ताठरता 4 तासांपेक्षा जास्त टिकली तरीही लाजत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.