ठरलेल्या वारी येणारी भाजी: गोव्यातले अनुभव

रेशनचा तांदूळ घरात असला की उपाशी झोपावे लागत नाही. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023पासून तेही फुकट. पण नुसते शीत, म्हणजे भात, किती दिवस जेवणार? पैशांची ओढाताण सुरू झाली की आधी नुस्ते (मासळी) बंद होते, मग फळे, मग भाजी. हा धागा तेवढ्याचसाठी आहे. अडचणीच्या काळात तुम्हाला कोणी नेमाने भाजी, फळे, अंडी, दूध किंवा मासळी दिली असेल, किंवा तुम्ही कोणाला दिली असेल, तर लिहा. काय आले, घरात काय बदलले, काय बदलले नाही. नावे नकोत. देणाऱ्यांचे कौतुक एका ओळीत आटपा, भाजीवर जास्त लिहा.

डिचोली तालुका, गृहिणी

फेब्रुवारी 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून आमचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार यायचे, ते त्याच दिवशी दुकानदाराच्या वहीत जायचे. भाजी घेणे मी कधी बंद केले ते मलाही सांगता येणार नाही.

आमच्या वाड्यावरच्या एक काकी मळ्यात भाजी करतात. शुक्रवारी त्या म्हापशाच्या बाजाराला जातात. गुरुवारी संध्याकाळी बाजाराची भाजी काढताना त्या आमचीही पिशवी भरू लागल्या. तांबडी भाजी, वाली, मुळा, कधी कणगीचे कंद. नवऱ्याला ती पिशवी डोळ्यांसमोर नको असायची. मग मी मळ्यात तण काढायला जाऊ लागले. काकींनी सांगितले नव्हते, पण त्यानंतर हा मुकाट्याने जेवू लागला.

पिशवी मोठी नव्हती. पण गुरुवार कधी चुकला नाही. सोमवारपर्यंत भाजी, पुढचे तीन दिवस डाळ-कांदा, असा हिशोब बसवता यायचा. कोणी एकदाच ढीगभर दिले असते तर हे जमले नसते. वाचलेले पैसे कुठे गेले म्हणाल तर मुलीच्या बसला आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना. त्या गोळ्या एक दिवसाआड घेत होत्या, तेही आम्हाला न सांगता. दुकानातली उधारी फिटली नाही, पण वाढायची थांबली. मुलगी डब्यात चपाती-साखर न्यायची, ती वालीची भाजी नेऊ लागली. ट्रक शेवटी विकावाच लागला, तो काही भाजीने वाचला नाही.

बार्देश, हॉटेलात काम (मूळ सावंतवाडीकडचा)

मार्च 2020ची टाळेबंदी गोव्यात किती कडक होती ते सगळ्यांना आठवत असेल. सुरुवातीला किराणा दुकानेसुद्धा बंद. बेळगावहून येणारी भाजीही अडकली. नंतर मदतीचे किट येऊ लागले आणि सगळ्यांच्या किटमध्ये तेच: तांदूळ, पीठ, डाळ, तेल. आमच्या खोलीत पिठाची पोती झाली आणि कांदा एक नाही. तक्रार नाही, त्या वेळी तेवढे देणेही मोठेच होते.

पुढे जवळच्या चर्चमधले लोक आठवड्यातून दोनदा भाजी आणि अंडी आणू लागले. गाव कुठले, देव कुठला, कोणी विचारले नाही. आम्ही चौघे एका खोलीत, फ्रिज नाही. म्हणून दोनदा थोडे थोडे आले ते बरे झाले. एकदम आले असते तर अर्धे कुजले असते. देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे बहुधा फ्रिजही नसतो.

सत्तरी, आरोग्य सेविका

मी थोडे आकडे देते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे धरली आहेत. तृणधान्य 250 ग्रॅम. म्हणजे तांदळापेक्षा भाजी जास्त! चार माणसांच्या घराला आठवड्याला 11 किलोंच्या वर भाजी लागेल. आता मी जाते त्या घरांत बघा, परातभर भात आणि वाटीभर कढी. दोन-अडीच किलोंच्या पिशवीने हे अंतर भरत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलू.

तरी फरक पडतो. क्षयरोगाच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत पूर्वी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024पासून 1000 झाले. पैसे घरात आले की ते घराचे होतात, एकट्या पेशंटचे राहत नाहीत, आणि त्यात चूक कोणाची नाही. माझ्या भागातल्या एका घरी दर आठवड्याला अंडी, पालेभाजी आणि केळी येऊ लागली. त्यातली अंडी पेशंटच्याच ताटात पडायची, कारण भाजी बाकीच्यांना पुरत होती. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन मळमळते म्हणून औषध सोडणारे मी पाहिले आहेत. या माणसाने कोर्स पूर्ण केला. केळ्यांमुळे केला असे मी म्हणणार नाही, औषधाने बरा झाला. पण औषध पोटात टिकायला हवे ना.

मुलांबद्दल एक. ज्या मुलाने बरेच महिने पालेभाजी पाहिलेली नाही ते पहिल्यांदा थुंकून टाकते. आई म्हणते, "बाय, खात नाही गे तो, वाया जाते." वाया जाईल या भीतीनेच गरीब घरात नवी भाजी येत नाही. दर आठवड्याला फुकट येते तेव्हा आईला पुन्हा पुन्हा करून बघायची हिंमत होते. तांबड्या भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगाला चांगले लागते. आणि जेवल्या जेवल्या चहा नको.

पेडणे, भाजी पिकवणारी

देणाऱ्या बायांनो, बाजारातून परत आलेली सुकलेली पेंडी कोणाला देऊ नका. मी स्पष्टच बोलते. "नाहीतरी टाकायचीच होती" म्हणून दिलेले घेणाऱ्याला कळते. पालेभाजी दुसऱ्या दिवशी मलूल होते, तिसऱ्या दिवशी गुरांना. मी देते ती सकाळी वेगळी काढते, विकायच्या भाजीबरोबरच. दोन घरांना देते, तिसरे मला झेपत नाही, म्हणून तिसऱ्याला हो म्हणत नाही. चार आठवडे देऊन बंद करण्यापेक्षा न दिलेले बरे.

पावसात मळ्यात काही नसते. तेव्हा दोडकी, भेंडी, तवशी, जे परसात होते ते. टाकळा तर रानातच उगवतो, तो काय द्यायचा, असे मला वाटायचे. पण कामाला जाणाऱ्या बाईला तो खुडत बसायला वेळ कुठे? निवडून दिलेला टाकळा तिला सोन्यासारखा.

तिसवाडी

आमच्या हातात पिशवी देताना फोटो काढला. तो माझ्या मुलाच्या वर्गातल्या पालकांपर्यंत पोचला. पुढच्या वेळी मी गेले नाही. एवढेच लिहायचे होते.

फोंडा, निवृत्त शिक्षक

वरच्या ताईंचे वाचून आमची पद्धत सांगतो. प्रश्न आमच्यापुढेही आला होता की भाजी द्यावी की पैसे. पैसे सावकाराकडे किंवा हप्त्याला जातात, आणि माणसाला तसे करावेच लागते. भाजी दिली तर आपण ठरवतो त्यांनी काय खावे. आम्ही मधला रस्ता काढला. फलोत्पादन महामंडळाचा गाडा, ज्याला सगळे हॉर्टिकल्चरचा गाडा म्हणतात, तिथे भाजी सवलतीच्या दरात मिळते. आम्ही काही मित्रांनी गाडेवालीकडे एक वही ठेवली. घरामागे आठवड्याची एक रक्कम ठरली. ती माणसे इतर गिऱ्हाइकांसारखी येतात, हवे ते निवडतात, ती वहीत मांडते, महिनाअखेर आम्ही देतो. मागे उभ्या असलेल्याला काही कळत नाही.

काय घेतात? मला वाटले होते बटाटे-कांदे. घेतात टोमॅटो, भेंडी, मिरच्या, कोथिंबीर. एका आजीबाईने सलग नुसती गाजरे नेली, नातवासाठी. त्रुटी आहेत. गाडेवाली आजारी पडली की सगळे अडते, आणि भाजी महागली की त्याच रकमेत पिशवी अर्धी होते. तेव्हा रक्कम वाढवायची की किलोवर ठरवायचे, यावर आमच्यात अजून वाद आहे. मी किलोच्या बाजूने आहे.

काणकोण

एकट्या राहणाऱ्या माणसाला अख्खा दुधी देऊ नका हो. माझ्या आईला दुधी आला की चार दिवस दुधीच. चार भेंड्या, दोन टोमॅटो, एक लिंबू, असे दिले तर ती आनंदाने रांधते.

मुरगाव

कोणी मासळीबद्दल लिहिले नाही म्हणून. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, ट्रॉलर बंद, माझा नवरा बोटीवर. त्या दोन महिन्यांत घरात पगार नाही आणि माशांचे हुमणही नाही. सुके बांगडे मे महिन्यातच भरून ठेवते, पण रोज सुके मुलांना बाधते. आमच्या वाड्यावरचे एक मंडळ त्या दोन महिन्यांपुरती दर रविवारी अंडी आणि भाजी देते, दरवर्षी. कधी लागेल ते आधीच ठाऊक असलेली मदत आहे ही, म्हणून त्यांनाही सोपी जाते.

डिचोली तालुका, गृहिणी (पुन्हा)

फोंड्याच्या सरांना विचारायचे होते, चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात वहीचे काय करता? त्या दिवसांत भाजीचे भाव गगनाला भिडतात, आणि गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, मिश्र भाज्यांचे खतखते यांत काटछाट करायला कोणाचे मन होत नाही. उसने काढून सण होतो.

फोंडा, निवृत्त शिक्षक

वयनी, त्या आठवड्यात रक्कम दुप्पट करतो. माटोळीचे सामान गाड्यावर मिळत नाही, ते आमच्यातले कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागा असलेले) देतात. सुपारीचे कातरे, नारळाचे घड, तोरिंजनाची फळे. यंदा पातोळ्यांना हळदीची पाने कमी पडली. फोंडा-सत्तरीकडे कोणाच्या परसात जास्त होत असतील तर इथेच कळवा, न्यायला आम्ही येऊ.