जावानंतर पायथन की ज्युलिया?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर):
नमस्कार. मी नऊ वर्षे जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करीत आहे. काटोलजवळ माझ्या मोठ्या भावाची संत्र्याची बाग आहे. पानांवर कोळशी, म्हणजे काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी, किती पसरली आहे हे मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून सांगणारा प्रोग्राम मला लिहायचा आहे. पायथनमध्ये सुरुवात केली. परंतु काळे पिक्सेल मोजण्यासाठी एकात एक असे दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या सूचना) लिहिले, तर हजार बाय हजार पिक्सेलच्या चित्रालाही ताटकळत बसावे लागते. जावात हेच काम क्षणात होते. एका सहकाऱ्याने ज्युलिया सुचवली. कोणत्या भाषेवर वेळ घालवावा?

उत्तर १ (धरमपेठ):
पायथनच शिका, मात्र जावाच्या सवयीने लिहू नका. आपल्या लूपमध्ये इंटरप्रिटरला, म्हणजे पायथनचा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला, दहा लाख पिक्सेलपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र खटाटोप करावा लागतो. त्याऐवजी नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत संपूर्ण ॲरेची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची, एकदम तुलना केली, की तोच लूप आधीच कंपाइल (यंत्रभाषेत रूपांतरित) झालेल्या सी भाषेतील कोडमध्ये फिरतो. वाक्यरचना आपल्याला आठवड्याभरात येईल. ॲरेच्या भाषेत विचार करण्याची सवय लागायला मला तीन महिने लागले, आणि पुढे पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतही तीच उपयोगी पडली.

उत्तर २ (मानेवाडा):
ज्युलियाची बाजूही मांडतो. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत फंक्शन पहिल्यांदा चालवताना यंत्रभाषेत कंपाइल होते. त्यामुळे पहिल्या वेळी थोडे थांबावे लागले, तरी साधा लूपही वेगाने चालतो. समीकरणे सोडवण्यासाठी मी ती रोज आनंदाने वापरतो. ॲरेची मोजणी १ पासून सुरू होते, हे जावाच्या माणसाला सुरुवातीला खटकते. परंतु आधीच प्रशिक्षित केलेली मॉडेल घेऊन त्यांना पाने ओळखायला शिकवायचे असेल, तर तयार साहित्य पायथनमध्येच अधिक मिळते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. लूप काढून टाकले आणि उत्तर लगेच मिळू लागले. आता नवी अडचण अशी, की उन्हात चमकणारी निरोगी पानेही कोळशीची म्हणून मोजली जातात. लाल आणि हिरव्या रंगाच्या आकड्यांची बेरीज ठरावीक मर्यादेखाली आली, की मी तो पिक्सेल काळा धरतो.

उत्तर १ (धरमपेठ):
चित्राच्या ॲरेतील प्रत्येक घर आठ बिटांचे असते आणि त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. हिरव्याचे १८० आणि लालचे १२० मिळून ३०० व्हायला हवेत. परंतु २५६ वजा होऊन ४४ उरतात, आणि उजळ पान काळे ठरते. जावात दोन बाइटांची बेरीज आपोआप इंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात होते, म्हणून ही शंका आपल्याला आली नसावी. बेरजेआधी ॲरे सोळा बिटांच्या पूर्णांकांत बदलून घ्या आणि त्याच पानाचे आकडे पुन्हा तपासून येथे कळवा.