'४३ अंशांना चटका' हे वाक्य पुस्तकातून काढावं का?

रानवारा (मूळ धागा)
उष्णतेची जाणीव शिकवताना एक वाक्य हमखास येतं: टीआरपीव्ही१ हे आयन चॅनल (पेशीत आयन सोडणारं प्रथिनाचं दार) ४३ अंश सेल्सिअसला उघडतं आणि चटका जाणवतो. माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य काढावं. चेतापेशीच्या पटलातलं हे प्रथिन ४२ ला बंद आणि ४३ ला उघडं, असं वागतच नाही. त्याची उघडझाप सतत चालू असते. तापमान चढेल तशी ते उघडं राहण्याची शक्यता वाढते, कॅल्शियम-सोडियमचे आयन आत शिरतात आणि संदेश निघतो. शिवाय ही शक्यता एकट्या तापमानावर ठरत नाही. जखमेभोवती आम्लता वाढली, ब्रॅडीकायनिनसारखी दाहद्रव्यं आली, की तेच चॅनल शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही उघडू लागतं. उन्हाने पोळलेल्या पाठीला कोमट पाणीही झोंबतं ते का, हे ४३ चा आकडा पाठ केलेला विद्यार्थी कसं सांगणार?

शिंपला
अजिबात सहमत नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारं जनुक सापडलं, आणि त्याचं प्रथिन तापवल्यावरही उघडतं हे तिथेच दिसलं. ४३ च्या आसपास त्यातून वाहणारा आयनांचा प्रवाह एकदम चढला. हा मोजलेला आकडा आहे, आणि माणसाला उष्णता दुखू लागते तीही साधारण तिथेच. बहुतेक चॅनलांचा वेग १० अंशांमागे दोन-तीन पट वाढतो, इथे प्रवाह २० पटींच्या घरात जातो. इतक्या उभ्या चढाला सीमा म्हटलं तर काय बिघडलं? दाह पुढच्या धड्यात शिकवता येतो.

रानवारा
चढ उभा आहे, मान्य. पण तो सुरू कुठे होतो? रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या नाकाजवळच्या चेतापेशींत याच प्रथिनाचं आखूड रूप असतं, ते ३० अंशांच्या आसपासच उघडतं, आणि त्यावर ती सावजाची उबदार शीर हुडकतात. उंटाचं टीआरपीव्ही१ मात्र उष्णतेला फारसं दाद देत नाही. प्रथिनात थोडा फरक पडला की आकडा इतका सरकतो.

कातळ
आकड्याचं सोडा, एकाच चॅनलला सगळं श्रेय देणंच मला पटत नाही. टीआरपीव्ही१ नसलेले उंदीरही तापलेल्या पृष्ठभागावरून पाय काढतात. २०१८ मध्ये उंदरांतून टीआरपीव्ही१, टीआरपीएम३ आणि टीआरपीए१ ही तिन्ही चॅनलं काढली तेव्हा कुठे ती झटपट प्रतिक्रिया गेली. तिघांपैकी एक शिल्लक असलं तरी काम भागतं. चटक्यासारख्या धोक्यासाठी शरीराने एकाच पहारेकऱ्यावर विसंबू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो.

हळदुली
मी औषधशास्त्रातली. वेदना थांबवायला टीआरपीव्ही१ रोखणारं एएमजी ५१७ हे प्रायोगिक औषध अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना दिलं, तेव्हा काहींना ताप ४० अंशांपर्यंत चढला. चॅनल ४३ पर्यंत निपचित असतं, तर ते रोखल्याने ताप का यावा? रानवारा यांचा मुद्दा मला इथे सगळ्यात पक्का वाटतो. चॅनल रोखणाऱ्या अशाच दुसऱ्या काही औषधांनी, म्हणजे रोधकांनी, गरम पाण्याची जाणीवही बोथट केली, म्हणजे भाजण्याचा धोका. हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही.

शिंपला
हळदुली, तो ताप तापमानाच्या संवेदनेशी जोडू नका. उंदरांवरच्या कामातून दिसतं की शरीरात आम्लता या चॅनलला थोडं चालू ठेवते आणि रोधक तीच वाट बंद करतात. आम्लतेची वाट मोकळी ठेवणाऱ्या रोधकांनी ताप येत नाही. म्हणजे ३७ ला चॅनल जागं असतं ते आम्लतेमुळे. त्याने उष्णतेची ४३ ची सीमा खोटी ठरत नाही. कातळ यांची तीन चॅनलं मी यंदा नक्की शिकवेन. पण आकडा फळ्यावर राहील, प्रवाहाच्या आलेखासकट.