मदत हवी आहे: पातळ सोलच्या बुटांकडे वळताना पावलावर दुखतंय, थांबू की चालू ठेवू?

यवतेश्वरवाट

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, वय 42, बरीच वर्षं पळते आहे. आतापर्यंत नेहमीचे गुबगुबीत बूट होते, टाच चवड्यापेक्षा 10 मिमी उंच असलेले. गुडघ्याच्या वाटीपाशी सतत कुरकुर असायची, म्हणून मिनिमलिस्ट बूट घेतले. सोल अगदी पातळ, टाच आणि चवडा एकाच पातळीत, बोटांना ऐसपैस जागा. आधी घरात आणि बाजारहाटाला घातले, मग शाहू स्टेडियमच्या मैदानावर थोडं थोडं पळायला लागले. शेवटच्या एकदोन फेऱ्या कधी कधी बूट काढून, अनवाणी.

गुडघा खरंच शांत झाला आहे आणि पळताना जमीन कळते, त्याचा आनंद वेगळाच आहे. सुरुवातीला पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, तेही आता कमी झालं. पण गेल्या आठवड्यापासून उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, ठणका लागतो. पळायला लागलं की वाढतो. संध्याकाळी स्वयंपाकाला ओट्यापाशी उभी राहिले की पुन्हा जाणवतो.

माझे प्रश्न:

पाय नव्या सवयीला सरावतोय म्हणून हे दुखतं, की हा धोक्याचा इशारा आहे? एक्स-रे लगेच काढावा का?

चवड्यावर पळायचं असं सगळीकडे वाचते. मग टाच जमिनीला टेकवायची की नाही?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं आहे. यवतेश्वरचा चढ जमेल असं वाटतं, पण परतीचा घाटातला उतार या बुटांत पळावा का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. जुन्या बुटांकडे परत जायची मनापासून इच्छा नाही.

---

पहाटफेरी

ताई, धीर सोडू नका, पण घाईही नको. 1960 साली रोममध्ये अबेबे बिकिला अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, 2 तास 15 मिनिटांत, विश्वविक्रमी वेळ. पण 1964 साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि 2 तास 12 मिनिटांत पुन्हा जिंकला. म्हणून मी अनवाणी विरुद्ध बूट असं भांडण मानतच नाही. आपल्याकडे बारामतीची मॅरेथॉन लता करे नऊवारीत, अनवाणी पळाल्या. आयुष्यभर शेताबांधावर चाललेले पाय होते ते. आपण ऑफिसात बसणाऱ्यांनी तसे पाय दोनचार महिन्यांत मागू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

---

कराडची_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी महत्त्वाचं: डॉक्टरांना दाखवेपर्यंत पळणं पूर्ण बंद ठेवा.

पोटऱ्या भरून येणं वेगळं आणि तुमचं हे दुखणं वेगळं. पोटऱ्या दोन्ही पायांच्या दुखतात, पसरट दुखतात आणि चाललं की मोकळ्या होतात. तुमचं एकाच पायात, एकाच जागी आहे आणि पळताना वाढतं. बोटांच्या मागे पावलात जी लांब हाडं असतात (मेटाटार्सल), त्यातलं दुसरं आणि तिसरं यात सर्वांत जास्त दुखावतं. तिथे बारीक तडा जाण्याची सुरुवात असू शकते. बोटाच्या टोकाने हाडावरून हलकेच दाबत जा. नाण्याएवढ्या एकाच जागी ‘आई गं’ झालं, किंवा वरून सूज दिसली, तर हाडाचाच संशय घ्यायचा. एका पायावर उड्या मारून तपासू नका.

एक्स-रे साफ आला तर लगेच निर्धास्त होऊ नका. असा तडा पहिले दोनतीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील.

हे का होतं, तेही सांगते. टाच उंच असलेल्या बुटात बराच भार गुडघा घेतो. बूट सपाट झाला, पावलं छोटी झाली की तोच भार पोटरी, टाचेमागचा अकिलीस (पोटरीला टाचेशी जोडणारा दोरीसारखा टेंडन) आणि पावलाच्या हाडांवर येतो. तुमच्या गुडघ्याला आराम पडला तो यामुळेच. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला आणि टेंडनला महिने लागतात. पोटऱ्या शांत झाल्या की आपल्याला वाटतं पाय तयार झाला, आणि नेमकं तेव्हाच अंतर वाढवलं जातं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2013 साली नेहमी पळणाऱ्या 36 जणांवर अभ्यास केला. पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडात 10 आठवड्यांनंतर एमआरआयमध्ये सूज वाढलेली दिसली. तेही हळूहळू बदल करायच्या सूचना दिलेल्या असताना.

टाचेबद्दल: चवडा किंवा मधला तळवा आधी लागला तरी पुढच्या क्षणी टाच जमिनीला टेकलीच पाहिजे. टाच अधांतरी ठेवून पळालं की सगळा भार त्याच हाडांवर राहतो. आणि चवड्याचा हट्टही नको. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या 2010 च्या अभ्यासात सवयीने अनवाणी पळणारे बरेच जण चवड्यावर उतरताना दिसले, पण 2013 साली उत्तर केनियातल्या दासनाच लोकांमध्ये, तेही अनवाणीच, सावकाश पळताना बहुतेकांची टाच आधी टेकत होती. पाऊल लांब न टाकता शरीराच्या खाली पडतंय ना, एवढं पाहा.

---

निळाडोंगर

जरा वेगळा प्रश्न, पण इथेच विचारतो. वडील 71 वर्षांचे, जुना मधुमेह आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज पहाटे गवतावर अनवाणी चालतात. हे चांगलं ना?

---

कराडची_फिजिओ

दादा, कृपया आजच थांबवा. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. काटा, काच रुतली तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाऊ शकतं. ही भीती घालत नाही, असे पाय मी पाहिले आहेत. त्यांना मऊ, बंद, मापाची पादत्राणं आणि मोजे हवेत, घरातसुद्धा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बॅटरी लावून बघा. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून संवेदना तपासून घ्या. चालणं मात्र बंद करू देऊ नका.

---

घाटमाथा

उताराबद्दल लिहितो. हिल हाफ मी पळालो आहे. चढावर पातळ बूट उत्तम, पण उतारावर प्रत्येक पावलाला आदळआपट जास्त होते, आणि तोवर पोटऱ्या चढानेच दमलेल्या असतात. त्यात पावसाळ्याचा ओला डांबरी रस्ता, मधूनच बारीक खडी. मुरलेले लोक पळतात. पहिल्याच वर्षी मी तरी सांगणार नाही. मधल्या उंचीचा, टाच-चवड्यात 4 मिमी फरकाचा बूट मिळतो, तो पाहा. आणि दुखणं हाडाचं निघालं तर यंदा रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्हाला पाणी द्या, नाव पुढच्या वर्षी द्या.

---

यवतेश्वरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दाबून पाहिलं. तिसऱ्या बोटाच्या मागे अगदी एकाच जागी दुखतं, सूज नाही. पळणं बंद केलं आहे, गुरुवारी ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तोपर्यंत एकच विचारायचं आहे: रोजच्या चालण्याला पातळ बूट ठेवू की जुने जाड घालू? आणि टॉवेल बोटांनी ओढायचा व्यायाम, पायरीवर टाचा वर-खाली करायचा व्यायाम सुरू ठेवू का?

---

कराडची_फिजिओ

जुने, कडक सोलचे घाला, घरातही. पायरीचा व्यायाम बंद, चवड्यावर भार येतो. टॉवेलचा बसून करा, दुखलं तर तोही थांबवा. डॉक्टरांना बूट बदलल्याचं आणि अंतर कसं वाढवलं ते नक्की सांगा. पाळी अनियमित असेल किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही सांगा, हाडाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. जुने बूट कायमचे घालायचे नाहीत, हाड बरं होईपर्यंतच.

---

यवतेश्वरवाट

ड जीवनसत्त्व मागच्या तपासणीत कमीच होतं. रिपोर्ट सोबत नेते. गुरुवारी काय निघालं ते इथे लिहिते.