मदत हवी आहे: गोव्याच्या दमट घरात लोकरीचा गालिचा घ्यावा का? पावसाळ्यात सांभाळायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घर सासऱ्यांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, खाली लाल सिमेंटची घोटलेली जमीन. जमीन दिसायला देखणी, पण मृग लागला की तिला घाम फुटतो. सासूबाईंचे पाय गार पडतात, त्या मोजे घालत नाहीत (घसरायला होतं म्हणतात, आणि ते खरंच आहे). म्हणून मुलगी दिवाळीला दिल्लीहून येताना लोकरीचा गालिचा आणते म्हणतेय. तिची मुलगी तोवर रांगायला लागेल, तीही त्यावरच लोळणार.

मध्ये पणजीला एका प्रदर्शनात एक पाहिला. जाड, मऊ, मागून कापड चिकटवलेलं. विक्रेता शपथेवर 'हँडमेड' सांगत होता आणि किंमत मुलीने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी. हातात घेतला आणि ठेवून आले. शेजारची काकी म्हणते, गोव्यात लोकर घेणं म्हणजे बुरशीला आणि कसरीला (लोकर खाणाऱ्या किडीला) जेवायला बोलावणं.

तर घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि जून ते चवथ त्याचं करायचं काय? शिवाय घरात एक जुनी घोंगडी आहे, चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून काढली तर कुबट वास मारतेय. तिचंही सुचवा. डांबर गोळ्या टाकू का?

ताणाबाणा: ताई, ठेवून आलात ते बरं केलंत. गालिचा आधी उलटा करून बघायचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. बंदुकीसारख्या यंत्राने लोकर कापडात ठासतात आणि ती निसटू नये म्हणून मागून लॅटेक्सचा थर देतात. 'हँडमेड' म्हणणं खोटं नाही, बंदूक हातातच धरलेली असते! पण हा लॅटेक्स दमट हवेत लवकर म्हातारा होतो. आधी वास येतो, मग त्याची पूड जमिनीवर पडायला लागते. गोव्यात तर घेऊच नका.

गाठींच्या गालिच्याची नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, कारण ताण्याच्या (उभ्या) दोऱ्यांवर एकेक गाठ मारलेली असते. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच पट्ट्यात टफ्टेडही ढिगाने बनतात. तेव्हा 'भदोहीचा आहे' एवढ्यावर थांबू नका. चौरस इंचात किती गाठी, या आकड्यालाही भुलू नका. जास्त गाठी म्हणजे बारीक नक्षी आणि जास्त पैसे. पायाखाली टिकतो तो लोकरीच्या दर्जावर.

'बांबू सिल्क' नावाची चकाकती वस्तू दाखवतील. तो बहुतेक वेळा व्हिस्कोस (लगद्यापासून काढलेला कृत्रिम धागा) असतो, पाण्याचा एक थेंबही डाग ठेवतो. शंका असेल तर लवेतला (वरच्या मऊ थरातला) एक धागा ओढून जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखी वासते, आच काढली की विझते, राख बोटांत चुरते. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो, नायलॉन-पॉलिएस्टरचा टणक मणी होतो. फक्त झालरीचा धागा जाळू नका. झालर म्हणजे ताण्याचीच टोकं, आणि ताणा पुष्कळदा सुती असतो.

मडगावकर: काकींचं म्हणणं निम्मं खरं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी हवेतून शोषते आणि हाताला ओलीही लागत नाही. म्हणून आपण 'कोरडा आहे की' म्हणत राहतो आणि एक दिवस मागून काळे ठिपके दिसतात.

गालिच्याआधी जमीन तपासा. पातळ प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या वर थेंब आले तर ओल हवेतली, पंख्याने पुष्कळसं भागेल. खालून थेंब आले तर ओल जमिनीतून वर चढतेय. जुन्या चिऱ्याच्या घरांत हे फार. तिथे पावसात लोकर अंथरायची नाही म्हणजे नाही. आणि खाली रबराची किंवा पीव्हीसीची जाळी घालू नका, ती ओल कोंडते आणि लाल जमिनीवर डाग पाडते.

आमच्याकडे मेअखेरीस दोन्ही बाजूंनी ऊन दाखवून, झटकून, गालिचा गुंडाळतो (घडी नाही, घडीवर वीण मोडते). जुन्या सुती चादरीत बांधून, वावर असलेल्या खोलीत कपाटावर आडवा. प्लास्टिकमध्ये कधीच नाही. उघडीप मिळाली की सोडून पंख्याखाली.

ताणाबाणा: यात एक जोडतो. गुंडाळण्याआधी स्वच्छ हवाच. कसर म्हणजे उडणारं पाखरू नव्हे, त्याची अळी लोकर खाते, आणि तिला अंधार, शांतता आणि घामट-तेलकट मळ आवडतो. सोफ्याखालचा भाग म्हणूनच आधी जातो. नवा गालिचा पहिले काही महिने लोकर गाळतो, त्याला घाबरू नका. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश मात्र बंद ठेवा.

पाऊसवेडी: घरात तान्हं बाळ येणार असेल तर डांबर गोळ्या नकोतच. काही बाळांमध्ये जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात, आणि ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. कडुनिंबाचा पाला, लवंग ठेवा हवं तर, पण त्याने आतली अळी मरत नाही.

घोंगडीला बहुधा चिंचोक्याची खळ असेल. ती बुरशीला आयतं खाद्य. कोरड्या दिवशी अंगणात, नाकाला फडकं बांधून ब्रशने झाडा आणि कडक उन्हात ठेवा. धुवायची झाली तर थंड पाणी आणि रिठा. खळ निघून ती मऊ पडेल, त्याला इलाज नाही. कपड्यांच्या एन्झाइमवाल्या पावडरी टाळा. लोकर प्रथिनांची, त्या प्रथिनंच कापतात. ब्लीच तर मुळीच नको.

आणि गोव्यातला मुख्य प्रश्न कुणी विचारला नाही, हुमण (माशांची आमटी) सांडलं तर? घासायचं नाही. सुती फडक्याने टिपायचं, गार पाण्याने पुन्हा टिपायचं. हळदीचा जो पिवळा डाग उरेल तो उन्हात पुष्कळसा उडतो.

आडगल्ली: माझं मत विचाराल तर कर्नाटकातल्या नवलगुंदचा जमखाना (सतरंजी) आणा. हुबळीच्या पलीकडेच, सुती, दोन्ही बाजूंनी वापरा, धुवा, उन्हात टाका. लोकर थंड प्रदेशाला शोभते.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. प्लास्टिक लावून पाहिलं. बाहेरच्या चौकीत खालून चक्क पाणी जमलं, सासूबाईंच्या खोलीत थेंब फक्त वर. तेव्हा चौकीत लोकर नाही, तिथे आडगल्ली म्हणतात तसा जमखाना. खोलीत मात्र लोकरच, पाय गार पडतात हा मूळ मुद्दा आहे. मुलीला 'मागची बाजू उलटून फोटो पाठव' असं सांगितलंय. पलंगाशेजारी किती मोठा घ्यावा? तीन बाय पाच फूट पुरेल?

मडगावकर: तीन बाय पाच सुटा पसरला तर सरकणार, आणि घोटलेल्या जमिनीवर वयस्क माणसासाठी ते बरं नाही. पाच बाय सातच्या आसपासचा घ्या आणि अर्ध्याहून जास्त पलंगाखाली सारा, पलंगाच्या पायांनी दाबून राहील. जाड लवेचा नको, पाय अडखळतो. लोकरीची सपाट विणीची दरी (बिनलवेची सतरंजी) मिळाली तर उत्तम, वाळतेही लवकर. झालर मागे दुमडून शिवून घ्या. पलंगाखालचा भाग दर पंधरवड्याला उलटून झाडायचा, कारण कसर तिथूनच सुरू होईल.