ऐतिहासिक कादंबरी लिहिताय? अभ्यास कुठे थांबवायचा आणि लिहायला कधी बसायचं?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. मी नाशिकचाच, नोकरी सातपूरला, पहाटे उठून ड्युटीवर जायच्या आधी जे जमेल ते लिहितो. कादंबरी गोपिकाबाई पेशव्यांवर आहे, पण पुण्याच्या नाही तर आपल्या गंगापूरच्या गोपिकाबाईंवर. मुलाशी, माधवराव पेशव्यांशी, बिनसल्यावर त्या इकडे येऊन राहिल्या. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतात गेला, त्याच वर्षी नवरा नानासाहेब गेले, १७७२ ला थेऊरला माधवराव आणि पुढच्याच वर्षी धाकटा नारायणराव. रोज त्याच रस्त्याने गाडी चालवतो आणि डोक्यात हेच. वाचन भरपूर झालंय, वह्या भरल्यात, पण नारायणरावाच्या खुनाची बातमी गंगापुरात पोचते त्या प्रकरणाशी येऊन पेन थांबलंय. त्या क्षणी बाई काय बोलल्या याचा कागद मला कुठे सापडला नाही. मग आपण त्यांच्या तोंडी वाक्यं घालायची का? आणि अजून वाचत बसायचं की लिहून टाकायचं? सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) जाऊन बसलं की अजून एक पुस्तक हाती लागतं आणि लिहिणं परत पुढे ढकललं जातं.

सिन्नरकर
दादा, विषय ऐकूनच अंगावर काटा आला. बाई काय बोलल्या ते सोडा, आधी बातमी कधी आणि कशी पोचली ते बघा, त्यातच तुमचं प्रकरण आहे. खून झाला ३० ऑगस्ट १७७३, म्हणजे भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, पुण्यात शनिवारवाड्यात गणपती बसलेले. भर पावसाळा. पुण्याहून नाशकाकडे कुठल्याही वाटेनं या, भीमा, घोड, कुकडी, मुळा, प्रवरा आणि शेवटी आपली दारणा ओलांडावीच लागते, आणि आजच्यासारखे पूल कुठले, जासूद, म्हणजे निरोप्या, नदीकाठी उतार मिळेपर्यंत खोळंबणार नाहीतर नावेतनं येणार. आता तिथी मोजा. तेरसेनंतर अनंत चतुर्दशी, पौर्णिमा, की लगेच पितृपक्ष. म्हणजे बातमी आली तेव्हा पितृपक्ष लागलेला असणार किंवा तोंडावर आलेला असणार. आणि गाव कुठलं तर नाशिक, जिथे लोक लांबलांबून रामकुंडावर श्राद्धाला येतात! नवऱ्याचं, दोन मुलांचं करून झालेल्या आईला त्या दिवसांत तिसऱ्याचं कळतंय. यात तुम्हाला एक वाक्य तरी बोलायला लावायची गरज आहे का सांगा.

मोडीवाचक
सिन्नरकरांचं तिथीचं बरोबर आहे. फक्त एक सांगतो, कागद वाचताना नुसतं शकावर राहू नका. शके १६९५ ठीक, पण पेशवाईच्या कागदांत बऱ्याचदा शुहूर सन असतो (अरबी आकड्यांत लिहिलेली वेगळी कालगणना), तुमच्या प्रसंगाला 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७४. हा सन मृगाला बदलतो, त्यामुळे जूनच्या आधीचं आणि नंतरचं पत्र एकाच इसवी सनात असून शुहूर सन वेगळा निघतो. 'छ' लिहून पुढे आकडा असतो तो मुसलमानी महिन्यातला चंद्र. तारखा जुळवायची जंत्री जवळ ठेवा. मोडी शिकाच, छापील निवडक कागद (सरदेसाईंनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले ते) भक्कम आहेत, पण रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) जे सापडतं ते वेगळंच, कुणाला किती शिधा, दिव्याला तेल किती, लुगड्याला काय पडलं. लढाईच्या पत्रात माणूस दिसत नाही, खर्चात दिसतो.

लेखणीताई
मी हेच काम करते, दोन कादंबऱ्या छापून आल्यात, म्हणून स्पष्ट बोलते. अभ्यास संपत नसतो, तो संपायची वाट बघू नका. मी प्रसंग लिहून टाकते आणि जिथे माहिती नाही तिथे चौकोन करून पुढे जाते, "[इथे कुठली भाजी]" असं, आणि नंतर फक्त त्या चौकोनांसाठी ग्रंथालयात जाते. त्याने वाचनाला दिशा मिळते, नाहीतर आपण नुसते वाचक होतो. चौकोन भरताना कडक राहायचं मात्र. घरात चहा नाही, रोजच्या स्वैपाकात बटाटा टोमॅटो नाही, उपासाला साबुदाणा नाही, काडेपेटी नाही, चुलीतला निखारा राखेत जपून ठेवायचा आणि सकाळी फुंकून त्याच्यावरच पेटवायचं. गोदावरीसुद्धा आजची धरून चालू नका, गंगापूरचं धरण स्वातंत्र्यानंतरचं, तेव्हा भाद्रपदात पाणी कुणी अडवत नव्हतं.

संवादाचं विचारलंत. बाईंचं नातवाला, सवाई माधवरावांना, उपदेशाचं पत्र आहे, ते मोठ्याने वाचा, परत परत, त्यात आज्ञा करायची सवय असलेला आवाज आहे, तो कानात बसला की काय घालायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं. आणि जे कागदात नाही ते खऱ्या माणसाच्या तोंडी घालण्यापेक्षा वाड्यातली एखादी कुणबीण, म्हणजे दासी, उभी करा. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जायच्या, त्यांची नावं फार तर हिशेबात येतात. तिच्या डोळ्यांनी बघा ना. ती जासुदाला दारात पाय धुवायला पाणी देते, त्याचा चेहरा बघते आणि आत जाऊन सांगायचं कुणी यावरून मागच्या पडवीत बायकांची कुजबुज होते. बाईंचं दुःख आपण कल्पनेनं फार बोलकं केलं तर तो त्यांच्यावर अन्याय होतो असं माझं मत आहे.

सिन्नरकर
ताईंना अनुमोदन. आणि 'ध चा मा' घेणार असाल तर ऐकीव गोष्ट म्हणून घ्या, वाचक तीच खरी धरून चालतात. राघोबा-आनंदीबाईंची आनंदवल्ली तुमच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे मोह होणारच.

गोदाकाठचा
मंडळी, खरंच मनापासून आभार. पितृपक्षाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, सगळं प्रकरण आता तिथूनच उभं राहतंय. कुणबीण घेतो, नाव अजून ठरत नाहीये. जासूद दारणेच्या काठी अडकलाय तिथून सुरू करतोय, उद्या पहाटेच बसतो. मोडीवाचक सर, रोजकीर्दीचा नवशिक्याला वाचता येईल असा एखादा छापील नमुना सुचवाल का? शिध्यात विधवा बाईंच्या एकभुक्त जेवणाला वेगळी नोंद असायची का, ते बघायचंय.